डीसीआय ड्रम कोअरमध्ये (अमेरिकेतल्या, मार्चिंग बँडसारख्या पथकांच्या स्पर्धेत) तेच तेच संघ का जिंकतात? प्रेक्षकांना आवडलेले शो मागे का पडतात? गुण देण्यात घोळ असतो का? संघाच्या नेतृत्वाचा यात किती वाटा? आणि आमच्या ढोल-ताशा पथकांच्या स्पर्धेत यातलं काही घेता येईल का?

गुण देण्यात घोळ नसतो. निदान तुम्ही म्हणता तसा, म्हणजे परीक्षक आधीच ठरवून बसलेले असतात, या अर्थाने तरी नाही. पण गुणपत्रकाची आखणीच अशी आहे की मुलांच्या मेहनतीला जितके गुण, जवळजवळ तितकेच शो रचणाऱ्यांना. आणि ती रचणारी माणसं वर्षानुवर्षं टिकवून धरणं हे संस्था चालवणाऱ्याचं काम. त्यामुळे ऑगस्टमधला निकाल बराचसा आदल्या शरद ऋतूतच लागलेला असतो, असं माझं मत आहे.

मी इंडियानापोलिसजवळ राहते. मुलगी एका कोअरमध्ये मेलोफोन (फ्रेंच हॉर्नसारखं पितळी वाद्य) वाजवायची, आणि मी पालक-स्वयंसेवक म्हणून त्यांच्या स्वयंपाकाच्या ट्रेलरवर कांदे चिरायला असायचे. तेव्हा माझं मत स्टेडियमपेक्षा पार्किंगमधून दिसलेलं जास्त आहे, हे धरून वाचा.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनलची (म्हणजे डीसीआयची) पहिली अंतिम स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि ती अनाहाइम किंग्जमेननी जिंकली. यात ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड, मुख्यतः एवढंच. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी वगैरे काही नाही. वयाची मर्यादा 22, संख्येची 165. अख्खा उन्हाळा बसने गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम आणि रात्री दहा-बारा मिनिटांचा एकच शो. 2009 पासून अंतिम फेरी आमच्या इथल्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते.

आता गुण. एकूण 100. त्यातले 40 ‘जनरल इफेक्ट’चे, म्हणजे शोचा एकंदर परिणाम किती झाला त्याचे. दृश्याचे 30 आणि संगीताचे 30. दृश्यात तीन पत्रकं असतात: मुलं कशी हलतात, मैदानावरची रचना कशी आहे, आणि कलर गार्ड. संगीतातही तीन: ब्रास, तालवाद्यं आणि सगळं मिळून कसं ऐकू येतं ते. ही प्रत्येकी 20 गुणांची पत्रकं, तिघांची बेरीज करून निम्मी करतात. अंतिम फेरीत काही रकान्यांना दोन-दोन परीक्षक असतात आणि त्यांची सरासरी निघते. आधी सरासरी, मग निम्मे, म्हणून ते विचित्र अपूर्णांक येतात. 2008 मध्ये फँटम रेजिमेंटचा ‘स्पार्टाकस’ 98.125 वर जिंकला आणि ब्लू डेव्हिल्स 98.100 वर थांबले. पाव दशांशाचा फरक! त्या वर्षी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला शोच जिंकला होता, हे तुमच्या तक्रारीच्या विरुद्ध टोकाचं उदाहरण म्हणून लक्षात ठेवा.

खरी गंमत पत्रकाच्या आत आहे. प्रत्येक पत्रकाचे दोन भाग असतात, साधारण दहा-दहा गुणांचे. एका भागात ‘काय दिलंय’ आणि दुसऱ्यात ‘ते किती साधलंय’. ‘इफेक्ट’मध्येही तसंच: कार्यक्रम किती परिणामकारक रचलाय, आणि मुलांनी तो किती परिणामकारक केलाय. म्हणजे संगीतरचनाकार, ड्रिल (मुलांच्या मैदानावरच्या हालचाली) आखणारा, नृत्यदिग्दर्शक आणि वेशभूषाकार यांच्या कामाला थेट गुण मिळतात. साधा शो कितीही स्वच्छ वाजवला तरी पहिल्या भागात छप्पर लागतं. उलट अवघड, थरांवर थर चढवलेला शो थोडा विस्कटला तरी परीक्षक म्हणतो, बापरे, काय काय मागितलंय या मुलांकडून! (हे पूर्ण खरं नाही. दोन्ही भाग एकमेकांना ओढतात. जे नीट साधलंच नाही ते परीक्षकाला दिसतही नाही, म्हणून ‘काय’चे गुणही पडतात. पण कल तोच.)

पूर्वी असं नव्हतं. 1983 पर्यंत ‘टिक’ची पद्धत होती. परीक्षक मैदानात मुलांमधून फिरायचे आणि प्रत्येक चुकीला खूण करायचे, खुणेमागे एक दशांश कमी. वरून खाली. काठी निसटली, पाय चुकला, टिक. याचा परिणाम असा की कोअर जपून खेळायचे, कारण धाडस केलं की खुणा वाढायच्या. ती पद्धत गेली आणि गुण खालून वर चढू लागले, तेव्हा ड्रिल मोकळी सुटली. त्याच सुमाराला गारफील्ड कॅडेट्सनी जॉर्ज झिंगाली यांच्या वळणदार, धावत्या ड्रिलवर 1983, 84, 85 अशी सलग तीन जेतेपदं मिळवली. आज जे भन्नाट वाटतं ते सगळं टिक गेल्यामुळे शक्य झालं. जुन्याजाणत्या लोकांना अजून टिकचा पुळका येतो, मला अजिबात नाही.

मग ब्लू डेव्हिल्स. 2007 ते 2023 या काळात 15 स्पर्धा झाल्या (2020 चा हंगाम रद्द झाला, 2021 मध्ये गुण नव्हते). त्यातल्या 10 त्यांनी जिंकल्या. 2014 च्या ‘फेलिनिएस्क’ला 99.65 मिळाले, त्याहून जास्त आजवर कुणाला मिळालेले नाहीत. लोक म्हणतात, परीक्षक त्यांना वश आहेत. मला वाटतं कारण फार नीरस आहे. त्यांच्याकडचे रचनाकार आणि प्रशिक्षक वर्षानुवर्षं तेच असतात, एकमेकांचं डोकं ओळखतात, आणि पत्रकावर काय लिहिलंय ते त्यांच्याइतकं बारकाईने कुणी वाचत नाही. जूनमध्ये त्यांचा शो अर्धवट वाटतो. मग दर आठवड्याला काहीतरी भर पडते, काहीतरी कापलं जातं, आणि ऑगस्टमध्ये परीक्षकाला एका क्षणात चार ठिकाणी बघण्यासारखं काहीतरी असतं. घरी स्क्रीनवर पाहताना त्या चारपैकी एकच गोष्ट कॅमेऱ्यात येते. व्हिडिओवरून निकाल न पटण्याचं हे मोठं कारण आहे. परीक्षक वर प्रेस बॉक्समधून सगळं मैदान बघत असतो.

तरी तुमची तक्रार मी निकालात काढत नाही. 1993 मध्ये स्टार ऑफ इंडियानाने बार्बर आणि बार्टोकचं संगीत घेऊन एक शो केला. बऱ्याच प्रेक्षकांना तो थंड, कोरडा वाटला. परीक्षकांनी मात्र त्याला अंतिम फेरीत 97.3 दिले, पहिल्या आलेल्या कॅडेट्सपेक्षा (वर आलेले गारफील्ड कॅडेट्सच) फक्त एक दशांश कमी. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली, आणि पुढे त्याच मंडळींच्या कामातून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचावरचा शो ब्रॉडवेवर गेला. आज त्या 1993 च्या शोचं नाव आदराने घेतात. म्हणजे परीक्षक प्रेक्षकांच्या पुढे असू शकतात. पण दरवेळी असतातच असंही नाही. ‘इफेक्ट’चे 40 गुण देणारा माणूस खरंतर प्रेक्षकांचा प्रतिनिधी असायला हवा, आणि तो हळूहळू रचनाकारांचाच सहकारी होतो. तेच परीक्षक, तेच रचनाकार, हिवाळ्यात इनडोअर स्पर्धांमध्येही तीच माणसं भेटणार. लबाडी नव्हे, पण आवड एकसारखी होत जाते. मग स्पीकरमधून सिंथेसायझरचा गडगडाट, मैदानभर उतार आणि चौकटी, मध्येच गंभीर आवाजातलं निवेदन. 2016 मध्ये ब्लूकोट्सनी उतारांवर चढून-घसरून जो शो केला आणि पहिलं जेतेपद घेतलं, तो माझ्या मते अप्रतिमच होता. पण त्यानंतर ज्याला त्याला उतार हवा झाला, त्याचं काय?

नेतृत्वाबद्दल तुम्ही विचारलंय, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

बॉस्टन क्रुसेडर्स बघा. 1940 ची संस्था, डीसीआयच्या पहिल्या पिढीतली, पण जेतेपदाच्या जवळपासही नव्हती. 2016 मध्ये बारावी. त्या हिवाळ्यात त्यांनी रचनाकार आणि प्रशिक्षकांची नवी फळी उभी केली, त्यातले बरेच जण कॅडेट्सकडून आलेले. 2017 मध्ये एकदम सहावी. मुलं एका वर्षात इतकी सुधारत नाहीत. कागदावरचा शो बदलला, आणि मग चांगली मुलंही तिकडे ऑडिशनला जाऊ लागली. 2025 मध्ये त्यांनी पहिलं जेतेपद मिळवलं. मधली आठ-नऊ वर्षं ती फळी फारशी फुटू न देणं, पैसे उभे करणं आणि मध्येच घाबरून सगळं न बदलणं हे मैदानाबाहेर बसलेल्यांचं काम होतं.

आणि ते कॅडेट्स? 1934 ची संस्था, 10 जेतेपदं. 2018 मध्ये त्यांच्या संचालकांवर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, वृत्तपत्रात सगळं छापून आलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. माणूस दशकानुदशकं तिथे सर्वेसर्वा होता. जिंकत होता म्हणून कुणी विचारत नव्हतं, असं इथल्या जुन्या पालकांच्या बोलण्यात अजून येतं. 2024 मध्ये, 1980 च्या दशकातल्या अत्याचाराच्या एका दाव्याच्या ओझ्याखाली, संस्था बंद पडली. सांता क्लारा व्हॅनगार्डची गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न पैशांचा. 2018 चे विजेते 2023 मध्ये आर्थिक अडचणीमुळे मैदानातच उतरले नाहीत, 2024 मध्ये परतले. व्हॅनगार्ड, ब्लू डेव्हिल्स अशा कॅलिफोर्नियातल्या कोअरांना वर्षानुवर्षं मोठा आधार कशाचा, तर बिंगोचा. हो, तोच हॉलमध्ये बसून आकडे खोडायचा बिंगो. एवढ्या झगमगाटाखाली हिशेब हा असा असतो.

म्हणून कुणी मला ‘या कोअरचं नेतृत्व भारी आहे, बघा किती गुण मिळाले’ असं म्हटलं की मी विचारते, मुलं पुढच्या वर्षी परत येतात का? वरच्या कोअरांची फी पाच-सहा हजार डॉलरच्या घरात गेलीय, विमानाची तिकिटं वेगळी. एवढे पैसे भरून उन्हाळाभर राबणारं एकोणीस वर्षांचं पोर जर एका वर्षात निघून गेलं, तर कुठेतरी काहीतरी बिनसलंय. आजारी मुलाला तालमीतून बाहेर बसवतात की ‘चल, एक शेवटचा रन’ म्हणतात? बसचालक पुरेसा झोपलाय का? रात्री दोनला पोहोचल्यावर जेवण गरम आहे का? ट्रेलरवरून हे फार स्पष्ट दिसतं. प्रशिक्षक मुलांशी कसं बोलतात ते रांगेत ताट घेऊन उभ्या मुलांच्या चेहऱ्यावर कळतं. डीसीआयने 2018 नंतर सुरक्षेचे नियम कडक केले, ते बरं झालं, पण गुणपत्रकात याला रकाना नाही आणि तो असूही शकत नाही. पालकांनीच डोळे उघडे ठेवायचे.

ड्रम मेजर आणि सेक्शन लीडर, म्हणजे मुलांमधलं नेतृत्व, यावर मी फार लिहीत नाही. ते महत्त्वाचं आहे, पण वरचे लोक नीट नसतील तर ड्रम मेजर बिचारा फक्त वाईट बातमी पोहोचवणारा होतो.

माझ्या हातात असतं तर दोन गोष्टी बदलल्या असत्या. ‘इफेक्ट’चे 40 खाली आणून 30 केले असते आणि ते दहा गुण मुलांनी जे प्रत्यक्ष साधलं त्याला दिले असते. आणि अंतिम फेरीतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला असता. सध्या उपांत्य फेरीत कमी गुण मिळालेला आधी आणि पहिला आलेला सगळ्यात शेवटी. तिकिटं खपायला ते बरं, पण सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्या आरडाओरड्यात येणाऱ्याला मनातून थोडं झुकतं माप मिळणारच. परीक्षकही माणूसच आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की तुमच्या ढोल-ताशा पथकांच्या स्पर्धेत यातलं काही घेता येईल का. एक गोष्ट जरूर घ्या. इथला परीक्षक शो चालू असताना रेकॉर्डरवर बोलत असतो: ‘डावीकडची ओळ घाई करतेय, आता सावरली, हा भाग सुंदर.’ ते रेकॉर्डिंग संघाला मिळतं, आणि प्रशिक्षक ते वाजवून दुसऱ्या दिवशीची तालीम त्यावर बेततात. नुसता आकडा हातात पडून भांडणं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मोबाइलवर होतं, खर्च शून्य. ‘काय वाजवलं’ आणि ‘कसं वाजवलं’ असे दोन वेगळे रकानेही ठेवा. ‘इफेक्ट’चा रकाना मात्र आणू नका, नाहीतर दोन वर्षांत प्रत्येक पथकाबरोबर ट्रॉलीवर धुराचं मशीन येईल.