‘सूचना पाळत नाही’ असं लिहिण्याआधी

तुझा मेल वाचला. फिजिओचं लायसन्स हातात आलं, न्यू जर्सीत होम हेल्थची, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन उपचार करायची नोकरीही लागली, झकास! ‘एजन्सीला पेशंट सर्व्हेचे चार स्टार आहेत, मग भेदभावाचा प्रश्न येतो कुठे?’ असं विचारलंयस.

अगं, स्टार म्हणजे सरासरी. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, त्याच्या त्या सर्व्हेतले प्रश्न नेमके आहेत: औषधांबद्दल बोलले का, समजेल असं सांगितलं का, आदराने वागवलं का. पण फॉर्म निघतो इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन अशा मोजक्याच भाषांत. क्रिओल बोलणाऱ्या हैतीच्या आजी किंवा फक्त गुजराती येणारे आजोबा तो भरणार कसा?

कागदावर सगळे सारखेच. मूळ मेडिकेअरमध्ये (खासगी कंपनीमार्फत नाही, थेट सरकारकडून मिळणाऱ्या) व्हिजिटचे पैसे पेशंटला पडत नाहीत. पण तू पाऊण तास थांबणार. उरलेल्या दिवसाचं काय? स्वयंपाकपाणी, रात्री बाथरूमपर्यंत धरून नेणं, याला मेडिकेअर पैसे देत नाही. ज्यांना परवडतं ते बाई ठेवतात. गरिबाघरची मुलगी बिनपगारी रजा टाकते, नाहीतर आई एकटीच उठते आणि पडते. मग आपण चार्टमध्ये लिहून मोकळे: ‘सूचना पाळत नाही.’

हा शेरा फार जपून वापर. शिकागोतल्या एका वैद्यकीय केंद्राच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. कृष्णवर्णीय पेशंटबद्दल असं काही नकारात्मक लिहिलेलं असण्याची शक्यता गोऱ्यांच्या अडीचपट निघाली. म्हणून आधी घर बघ. वॉकर बाथरूमच्या दारातून जातो का? जुन्या घरांत बऱ्याचदा अडकतो. कोपऱ्यावरच्या दुकानात नुसतं डबाबंद सूपच मिळत असेल तर ‘मीठ कमी करा’ सांगून काय उपयोग? सोशल वर्करला कळव, तिची व्हिजिटही मेडिकेअरमध्ये बसते.

नातवाला दुभाषा करू नकोस. आजी आपली लघवीची तक्रार त्या पोरासमोर सांगेल होय? फोनवरचा दुभाषा माग. सरकारी पैसा घेणाऱ्यांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ती जबाबदारी आहे, एजन्सी कुरकुरली तरी.

आणि शेड्यूल बघत जा. कृष्णवर्णीय वस्तीतल्या घरी दर वेळी नवा माणूस, तोही दिवसाच्या शेवटी, असं दिसलं तर तारखा टिपून मॅनेजरपुढे ठेव. सर्व्हेचे गुण घसरतील म्हण, लगेच ऐकतील. २०२३ पासूनचे गुण थेट मेडिकेअरच्या पेमेंटला जोडलेत.