३२ बिट केलं आणि स्क्रीनवर एकाची दोन चित्रं झाली!

प्रश्न: सर, माझा ८०० × ४८० चा डिस्प्ले लिनक्स फ्रेमबफरवर (स्क्रीनवर दिसणारं चित्र जिथे राहतं ती मेमरी) चालतो. १६ बिटला डबल बफरिंग (एक बफर स्क्रीनवर दिसत असताना लपलेल्या दुसऱ्यात पुढचं चित्र काढणं) मस्त चालू होतं, पण निळ्या ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसायचे म्हणून डेप्थ (एका पिक्सेलचे बिट) ३२ केली, तर आता तेच चित्र शेजारी शेजारी दोनदा येतंय, तेही चेपलेलं आणि फक्त वरच्या अर्ध्या भागात, रंगांचा तर पत्ताच नाही आणि वर फ्लिकरिंगही सुरू झालंय. फ्रेमबफरची मेमरी २ एमबी दाखवतो. ड्रायव्हर गंडलाय का?

उत्तर: ड्रायव्हरला उगाच बोल लावू नका. चित्र दोनदा येतंय म्हणजे तुमचा कोड अजून १६ बिटचेच पिक्सेल लिहितोय. आता स्क्रीनची एक ओळ ३,२०० बाइटची झाली, तुमची ओळ १,६०० चीच, मग एका ओळीत तुमच्या दोन ओळी बसणारच ना, पहिली डावीकडे, दुसरी उजवीकडे, आणि ४८० ओळी २४० मध्येच संपतात. पिक्सेलचा साइझ आणि लाइन लेंग्थ कोडमध्ये ठोकून ठेवू नका, ड्रायव्हरलाच विचारा, कारण कधीकधी ओळीच्या शेवटी तो जास्तीचे बाइटही सोडतो.

फ्लिकरिंगचं कारण मात्र वेगळंय. १६ बिटला दोन बफर मिळून १५,३६,००० बाइट, २ एमबीत आरामात. ३२ बिटला तेच ३०,७२,०००, कुठून बसणार? अशा वेळी ड्रायव्हर एकतर सेटिंग नाकारतो नाहीतर व्हर्च्युअल उंची (एकाखाली एक ठेवलेल्या दोन्ही बफरची मिळून) ९६० मागितली तरी गुपचूप ४८० देतो, आणि तुम्ही रिटर्न व्हॅल्यू तपासली नसेल (कोणीच तपासत नाही म्हणा) तर जे स्क्रीनवर दिसतंय त्याच्यावरच चित्र काढत बसता. सेट केल्यावर सगळी व्हॅल्यू परत वाचायचीच.

ड्रायव्हरची मेमरी वाढवता येत असेल तर बेस्ट. नसेल तर माझं ऐका, १६ वरच राहा. निळ्याला तिथे ५ बिट म्हणजे ३२ छटा, म्हणून पट्टे. साध्या रॅममध्ये ३२ बिटला चित्र काढा, लपलेल्या बफरमध्ये कॉपी करतानाच डिदरिंग करून (शेजारच्या छटांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवून) १६ करा आणि मग पॅन करा, म्हणजे स्क्रीनला तो बफर दाखवायला सांगा. पॅन व्हीसिंकला (स्क्रीनची एक फ्रेम पूर्ण होण्याच्या क्षणाला) थांबतं का तेवढं बघा, सगळे ड्रायव्हर थांबत नाहीत, आणि न थांबल्यास चित्र मधूनच कापलेलं दिसेल.