भारूड, विंचू आणि के-ऑन!

प्रिय सई,

तू दोन प्रश्न वेगवेगळ्या दिवशी विचारलेस. आषाढीच्या कार्यक्रमात भारूड पाहिल्यावर म्हणालीस, "तो माणूस ‘विंचू चावला’ करत लोळत होता तेव्हा सगळे हसत होते, मग शेवटी त्याच लोकांनी हात का जोडले?" आणि काल सांगितलंस की शाळेच्या अ‍ॅनिमे क्लबात, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन पाहणाऱ्यांच्या क्लबात, वाद ठेवलाय, ‘हलक्याफुलक्या अ‍ॅनिमेत खरी भावनिक खोली नसते’, आणि तुला आठ मिनिटं त्याच्या विरुद्ध बोलायचंय. मला हे दोन्ही एकच प्रश्न वाटतात, म्हणून उत्तरही एकत्र लिहिते.

आधी भारूड. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात ही रचली. विंचू चावला की काय होतं ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घाम फुटतो, आग होते, माणूस नाचायला लागतो, मग उतारा शोधायचा, अंगारा लावायचा. सोंग घेणारा हे सगळं करून दाखवतो आणि लोक हसतात. पण हा विंचू काम-क्रोधाचा आहे हे नाथ पहिल्याच कडव्यात सांगून टाकतात आणि शेवटी उतारा देतात तो सत्त्वगुणाच्या अंगाऱ्याचा. ज्या तडफडीला आपण हसलो ती आपलीच होती, हे तिथे कळतं. हात जोडले जातात ते त्यासाठी.

दुसरं भारूड तुझ्या वादाला जास्त उपयोगी आहे, ते रोडग्याचं. एक बाई भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला ने. मग जाऊ, मग नणंदेचं पोर, मग नवरा. प्रत्येक कडव्याला हशा वाढतो. शेवटच्या ओळीत ती म्हणते, सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला. आता ती सुनेची कुरकुर उरत नाही. एकेक पाश सोडणाऱ्या जिवाचं मागणं होतं. गंमत बघ, ही ओळ सुरुवातीला टाकली असती तर कोरडा उपदेश झाला असता. पाच वेळा हसल्यानंतर आली म्हणून ती आत जाते.

आता अ‍ॅनिमे. के-ऑन!च घे, कारण ‘यात काहीच घडत नाही’ असं सगळ्यात जास्त याच मालिकेबद्दल म्हणतात. शाळेच्या संगीत क्लबातल्या मुलींची गोष्ट. क्योटो अ‍ॅनिमेशनची मालिका, दिग्दर्शिका नाओको यामादा, पहिलं पर्व 2009, दुसरं 2010. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, चार चौकटींचा. जपानीत त्या चार चौकटींची ठरलेली चाल आहे: आरंभ, विस्तार, वळण, शेवट. तिसऱ्या चौकटीत वळण, चौथीत हशा. म्हणजे मुळात ही विनोदाच्या तुकड्यांची माळ आहे, आणि प्रतिपक्ष तिथेच बोट ठेवेल. ठेवू दे.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे क्लबातल्या तिघी जणी युई या नव्या मुलीला क्लबात ओढण्यासाठी एक गाणं वाजवून दाखवतात. युई टाळ्या वाजवते आणि म्हणते, फार काही छान वाजवत नाही तुम्ही! हशा. मग दुसऱ्या पर्वाचा चोविसावा भाग. युई धरून चौघींचं शाळेचं शिक्षण संपलंय, एक वर्षाने लहान असलेली आझुसा आता क्लबात एकटी उरणार. ती रडत म्हणते, जाऊ नका. चौघी तिच्यासाठीच लिहिलेलं गाणं वाजवतात. गाणं संपल्यावर आझुसा म्हणते, फार काही छान वाजवत नाही तुम्ही! आणि लगेच, पण मला अजून ऐकायचंय. युईने ते म्हटलं तेव्हा आझुसा तिथे नव्हतीच. एका वाक्याचा विनोद दोन पर्वं ओलांडून निरोप होऊन येतो. विनोद काढून टाकला तर हा निरोप उभाच राहत नाही. तुझ्या आठ मिनिटांतला मुख्य मुद्दा हाच ठेव.

आणि एक हिशेब मांड. पहिल्या पर्वाच्या बारा भागांत शाळेची दोन वर्षं उरकतात, वर्षाला साधारण सहा भाग. दुसऱ्या पर्वात शेवटच्या एका वर्षाला चोवीस भाग, म्हणजे चौपट वेळ. संपत आलेला काळ मालिका मुद्दाम लांबवते. चहा, केक, टिवल्याबावल्या, सगळं तेच, पण आता प्रत्येक गोष्ट शेवटची. विसाव्या भागात शाळेच्या महोत्सवातला कार्यक्रम झाल्यावर त्या भिंतीला टेकून बसतात, पुढे काय काय करायचं याच्या गप्पा मारतात, बोलता बोलता पुढच्या वर्षीच्या महोत्सवावर येतात आणि लक्षात येतं की तो त्यांच्यासाठी नाहीच. त्या रडतात. कोणी मेलेलं नाही, कोणाला आजार नाही. केवळ एक वर्ष संपतंय. मला तर ही खोली मोठ्या शोकांतिकेपेक्षा कठीण वाटते.

आता चुका कुठे होतात ते. मुलं अशा वादात थेट रडण्याचं दृश्य लावतात आणि सभागृह थंड राहतं. ज्यांनी आधीचं पाहिलेलं नाही त्यांच्याकडे काही साठलेलंच नसतं. म्हणून आधी पहिल्या भागातला विनोद दाखव, मिनिटभर पुरे. त्यावर लोक हसेपर्यंत बोलू नकोस. मग दोन मिनिटं बाकीचा मुद्दा मांड, आणि त्यानंतरच चोविसाव्या भागातलं दृश्य. मधलं अंतर हवंच, नाहीतर आठवण जागी होण्याआधीच ओळ येऊन जाते.

दुसरी चूक म्हणजे ‘मी रडले, म्हणून ते खोल आहे’. व्हायोलिन वाजवून कोणालाही रडवता येतं. त्यापेक्षा कसोटी दे: आधीचे विनोद वगळले तर दृश्य तसंच टिकतं का? टिकत असेल तर ते हलक्या मालिकेत चिकटवलेलं एक दुःखी दृश्य आहे, आणि अशा मालिका पुष्कळ आहेत. शेवटच्या दोन भागांत अचानक कोणाची तरी मेलेली बहीण काढतात. ते प्रतिपक्षाला मोकळेपणाने देऊन टाक. सगळ्या हलक्या अ‍ॅनिमेत खोली असते असं तुला सिद्ध करायचं नाहीये, असू शकते एवढंच करायचंय.

‘संगीतामुळे रडू येतं’ असं कोणी म्हणालंच तर नॉन नॉन बियोरी (2013), पहिल्या पर्वाचा चौथा भाग. पहिलीतली रेंगे, खेड्यातल्या पाच मुलांच्या शाळेतली. सुट्टीत तिला तिच्याच वयाची पहिली मैत्रीण मिळते, आजीकडे आलेली. एके सकाळी ती दारात जाते तर मैत्रीण अचानक परत गेलेली असते. कॅमेरा रेंगेच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबतो, डोळे हळूहळू भरतात. एरवी हीच मुलगी निर्विकार चेहऱ्याने हसवते, तोच तिचा विनोद. त्याच चेहऱ्यावर आता बदल होतो, म्हणून तो दिसतो.

वेळ उरला तर शिनचॅन, कारण क्लबातल्या सगळ्यांना तो माहीत असेल. 2001 च्या चित्रपटात मोठी माणसं जुन्या काळाच्या वासाने भुलून लहान मुलांसारखी होतात आणि घरदार सोडतात. शिनचॅन बाबांच्या नाकाशी त्यांचाच बूट धरतो. बाबांच्या पायांच्या वासावर मालिकेने आजवर किती विनोद केले असतील! त्या वासाने बाबांना स्वतःचं आयुष्य आठवतं, वडिलांच्या सायकलवर मागे बसलेल्या मुलापासून नोकरी, लग्न, मुलं, घामाघूम होऊन घरी येणं इथपर्यंत, जवळजवळ शब्दांशिवाय. बूट का वास मारतो? तो माणूस दिवसभर घरच्यांसाठी पायपीट करतो म्हणून. हे उत्तर विनोदात पहिल्यापासून होतं.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात भारूड सांग, आणि रोडग्याचंच सांग. विंचवाचं सांगायला गेलीस तर काम-क्रोध, सत्त्वगुण समजावण्यात वेळ जाईल. सासू, जाऊ, नणंद मात्र तिथल्या सगळ्यांना एका वाक्यात कळतील. कडवी मोजून सांग, शेवटची ओळ मराठीतच म्हण, मग अर्थ दे. गुरुवारी रात्री घड्याळ लावून एकदा पूर्ण म्हणून बघू, क्लिपा धरून आठ मिनिटांत बसायला हवं.

तुझी,
आई