छोटा लॉगर (ठरावीक वेळाने नोंद ठेवणारं यंत्र) पॉवर बँकवर लावला की अर्ध्या मिनिटात बंद का पडतो?

पॉवर बँक खराब नाहीये. दुसरी विकत आणू नका, तिचंही बहुतेक हेच होईल.

तुम्ही लिहिलंय की मानखुर्दला पत्र्याच्या घरांमध्ये पूर्ण उन्हाळाभर तापमान नोंदवायचंय, ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप) चा बोर्ड आणि एक सेन्सर आहे, दर १० मिनिटांनी एक नोंद, आणि घरातला प्लग अडवायचा नाही म्हणून १०,००० एमएएचची पॉवर बँक लावलीत. प्लग न अडवायचा निर्णय अगदी बरोबर आहे, एका खोलीत जिथे पंखा, मोबाईल, टीव्ही सगळं एकाच स्विचबोर्डावर चालतं तिथे आपण जागा मागायची नाही.

आता होतं काय, तर पॉवर बँकमधला सेल असतो ३.७ व्होल्टचा आणि बाहेर द्यायचे असतात ५ व्होल्ट, म्हणून आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं आणि ते चालू असेपर्यंत स्वतःसुद्धा करंट खात राहतं. फोन फुल झाल्यावर ते उगाच चालू राहू नये म्हणून आतली चिप बघत असते की बाहेर किती करंट जातोय, आणि तो साधारण ५० ते १०० मिलिअँपच्या खाली गेला (पॅकप्रमाणे आकडा बदलतो) आणि थोडा वेळ तसाच राहिला की आउटपुट बंद. तुमचा बोर्ड दोन नोंदींच्या मधे झोपला, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून अगदी कमी करंटवर गेला, की त्या चिपला वाटतं फोन फुल झाला.

यावर लोक सांगतात की एक रेझिस्टर लावून टाका. ५ व्होल्टवर ४७ ओहम लावला तर साधारण १०६ मिलिअँप जातात, पॅक बंद पडत नाही हे खरं, पण हिशोब करून बघा. १०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टचा आहे, म्हणजे ३७ वॉट-अवर, ५ व्होल्टवर तो होतो ७,४०० आणि रूपांतरातलं नुकसान धरलं की हातात ६,३००च्या आसपास (पॅकवर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून छापलेलं असतं ते बघा). म्हणजे नुसत्या रेझिस्टरनेच अडीच दिवसांत पॅक रिकामा, वर अर्धा वॉट उष्णता, आणि तीही तुम्ही तापमान मोजताय त्याच खोलीत! ट्रान्झिस्टर लावून दर १५ सेकंदांनी एक सेकंद १०० मिलिअँपचा झटका दिला तर सरासरी येते ६.७ मिलिअँप, त्यात पॅकचं स्वतःचं खाणं वेगळं, म्हणजे महिनाभर जाईल की नाही शंकाच आहे. काही पॅकमध्ये बटण दोनदा दाबून लो करंट मोड चालू होतो पण तो इअरफोन, घड्याळांसाठी असतो आणि बऱ्याचदा दोनेक तासांनी आपोआप संपतो.

तुमच्या लॉगरला खरं लागतं किती ते बघा. वायफाय बंद ठेवून दर १० मिनिटांनी २ सेकंद जागा झाला, तेव्हा समजा ५० मिलिअँप, बाकी वेळ झोपेत १०-२० मायक्रोअँप, तर सरासरी येते ०.२ मिलिअँपच्या आत. म्हणजे त्या झटक्यांवर तुम्ही कामाच्या तीसपट खर्च करताय.

म्हणून माझं स्पष्ट मत, इथे पॉवर बँक नकोच. तीन एए अल्कलाइन सेल सिरीजमध्ये लावा, पुढे एमसीपी१७०० हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग), तो स्वतः दोनेक मायक्रोअँपच खातो. (तो २५० मिलिअँपपर्यंतचा आहे, म्हणून वायफाय बंदच ठेवायचं, आणि आउटपुटला एक ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.) सेलची क्षमता २,००० एमएएच धरली तरी कागदावर वर्षाच्या वर जातं, मार्च ते जून तर सहज. आणि संपलेच तर घरातलं कोणीही गल्लीतल्या दुकानातून सेल आणून बदलू शकतं, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण लॉगर तुमचा असला तरी घर त्यांचं आहे.

पण एक मोठी अट आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या डेव्हलपमेंट बोर्डवर पॉवरचा एलईडी, यूएसबीची चिप आणि एएमएस१११७ रेग्युलेटर असतो, तो रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपच्या आसपास खातो, त्यामुळे कोडमध्ये डीप स्लीप (ती झोप) लिहूनही बोर्ड १० मिलिअँप ओढत बसतो आणि तेच एए सेल ८ दिवसांत संपतात. तेव्हा हे जादा भाग नसलेलं नुसतं ईएसपी३२ चं मॉड्यूल घ्या किंवा लो-पॉवर बोर्ड घ्या. झोपेतला करंट मल्टिमीटरने स्वतः मोजा, फक्त मायक्रोअँप रेंजवर बोर्ड जागा होताना मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि तो रिसेट होत राहतो, म्हणून सुरू होईपर्यंत मीटरची दोन टोकं वायरने एकमेकांना जोडून ठेवा आणि झोपला की वायर काढा.

रिचार्जेबलच हवं असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल बघा. तो ३.२ व्होल्टचा, फुल झाल्यावर ३.६, आणि ईएसपी३२ ला ३.० ते ३.६ चालतात म्हणून रेग्युलेटरशिवाय थेट जोडता येतो. त्याचा चार्जर मात्र वेगळा लागतो, टीपी४०५६ चं मॉड्यूल (साध्या लिथियम आयन सेलचा चार्जर) ४.२ व्होल्टपर्यंत नेतं, ते याला अजिबात वापरू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात साधे १८६५० (एए पेक्षा थोडे मोठे गोल लिथियम आयन) सेल घेताना ९,९०० एमएएच छापलेले दिसले तर हातही लावू नका, त्या आकारात खरे चांगले सेल ३,५०० च्या आसपास थांबतात, आणि वजन ४५ ग्रॅमपेक्षा खूपच कमी भरलं तर समजून जा.

जागेचं पण नीट बघा. दुपारी पत्र्याच्या लगेच खाली, पोटमाळ्यावर, लिथियमचा कुठलाही पॅक ठेवू नका, साधे लिथियम आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. बॅटरी आणि बोर्डचा डबा खाली सावलीत भिंतीला, आणि सेन्सर मीटर-दीड मीटर वायरने त्याच्यापासून लांब, माणूस बसतो-झोपतो त्या उंचीवर, नाहीतर बोर्डची स्वतःची गरमी आकड्यात येते. पत्र्याजवळचं तापमानही हवं असेल तर दुसरा सेन्सर वर न्या, डीएस१८बी२० हे तापमानाचे सेन्सर एकाच वायरवर दोन सहज चालतात. पहिल्या पावसात पत्रा कुठे गळतो ते घरच्यांना पक्कं माहीत असतं, डबा लावायच्या आधी त्यांनाच विचारा.

आणि प्रत्येक नोंदीसोबत बॅटरीचं व्होल्टेजही साठवा. दोन आठवड्यांनी ते आकडे इथे टाका, सेल जूनपर्यंत पुरतात का ते त्यावरून सांगता येईल.