कडेकडेनं चालवू नका : रिकंबंट सायकलीबद्दल वाचकांचे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्धा जिल्ह्यात दवाखाना आहे आणि गेली नऊ वर्षं घर ते दवाखाना रिकंबंटवरच ये-जा करतो. पाय पुढे पसरून, पाठ टेकवून चालवायची ही सायकल. आमच्या गावात तिला 'खुर्चीची सायकल' म्हणतात. आपल्याकडे अशा सायकली बोटावर मोजण्याइतक्या, पण प्रश्न मात्र तेच ते येतात. कुणी दवाखान्यात विचारतं, कुणी फोनवर, कुणी चौकात थांबवून. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

प्रश्न : वय ६१, निवृत्त शिक्षक, आर्वी. कमरेची चकती सरकली आहे. दुकानदार म्हणतो, या सायकलीनं कंबरदुखी कायमची जाते. घेऊ का?

दुकानदाराला सायकल विकायची आहे. कोणतीही सायकल सरकलेली चकती जागेवर बसवत नाही. रिकंबंटवर मनगटं, खांदे, मान मोकळी राहतात आणि भार पाठीवर पसरतो, एवढं खरं. पण सीटला कमरेच्या खोलगट भागात नीट आधार नसेल तर कंबर गोल होते, आणि चकतीच्या रुग्णाला नेमकं तेच सोसत नाही. पाय समोर ताणल्यावर मांडीमागून पोटरीत कळ उतरत असेल तर हा त्रास वाढू शकतो. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ते हो म्हणाले तर कुणाची तरी सायकल अर्धा तास चालवून बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते ते पाहा, आणि मगच पैसे काढा. पायातली शक्ती गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

प्रश्न : लायसन्स लागतं का?

पायडलवर चालत असेल तर नाही. बॅटरीची मोटर बसवली असेल तर २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असणाऱ्या वाहनांना सूट आहे, पण "एवढीच आहे" असं विकणाऱ्याच्या तोंडचं ऐकू नका. आरटीओत कागद दाखवून विचारा.

प्रश्न : समृद्धी महामार्गावरून नेता येईल का?

नाही. तिथे मोटारसायकललाही बंदी आहे.

प्रश्न : मी राळेगावचा. वावरात जाया-येयाले हे सायकल घेतली. माहा बुढा म्हणते, खाली बसून चालवतं तं कडेकडेनं चालवत जाय, गाड्यायच्या मंधात येऊ नको. बरोबर हाय का?

वडिलांची काळजी खरी आहे, सल्ला चुकीचा आहे. दहापैकी आठ जण मला हेच ऐकवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे डांबराच्या कडेची साइडपट्टी दरवर्षी खचते आणि रस्ता व माती यांच्यात कुठे चार बोटांची, कुठे वीतभर पायरी तयार होते. साध्या सायकलवर माणूस सीटवरून उठतो, हँडल उचलतो, निभावून नेतो. रिकंबंटवर उठता येत नाही. पुढचं चाक त्या पायरीला घासलं की सायकल आडवी होते, आणि ती पडते ती रस्त्यावरच्या गाड्यांच्या बाजूलाच.

दुसरं, कडेला तुम्ही दिसतच नाही. गाजरगवत, बाभळी, उभी बैलबंडी, मुरुमाचा ढीग यांच्या सावलीत बसकी सायकल हरवून जाते. म्हणून डांबराच्या कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत चालवा. मागच्या ड्रायव्हरला तुम्ही दुरून दिसले पाहिजे आणि ओलांडायचं की थांबायचं हे त्याला ठरवावं लागलं पाहिजे. आरसे दोन्ही बाजूंना हवेत, कारण टेकून बसल्यावर मान वळवून मागचं नीट दिसत नाही. उजवा आरसा आधी बसवा. हॉर्न वाजला म्हणून दचकून डावीकडे झुकू नका. मागून मोठं वाहन येतंय आणि रस्ता अरुंद आहे, असं आरशात दिसलं तर घट्ट जमीन बघून स्वतः थांबा, दोन्ही पाय टेकवा, त्याला जाऊ द्या.

तिसरी गोष्ट कापसाची. दिवाळीनंतर हिंगणघाटकडे जाणाऱ्या ट्रॉल्या तुम्ही रोज बघता. कापूस फळ्यांच्या बाहेर हात-दीड हात फुगलेला असतो. रस्त्याकडेच्या बाभळींना जो कापूस लटकतो तो याच ट्रॉल्यांचा. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, दिवस मावळताना, एका उभ्या ट्रॉलीच्या डावीकडून मी पुढे निघालो. तेवढ्यात ट्रॅक्टर हलला. कापसाचा फुगारा माझ्या डोक्यावरून गेला आणि सायकल दुरून दिसावी म्हणून लावलेल्या झेंड्याची काडी त्यात अडकून मोडली. मी वाचलो, पण ड्रायव्हरला मी तिथे होतो हे कळलंच नव्हतं, आणि चूक माझी होती. ट्रॅक्टरच्या डावीकडून कधीही निघू नका, उभा असला तरी.

पटत नसेल तर करून बघा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली अंगणात उभी करा. सायकल ट्रॉलीच्या डाव्या चाकाशी ठेवून त्यावर पोराला बसवा. तुम्ही ट्रॅक्टरच्या सीटवर चढा आणि तो तुम्हाला दिसेपर्यंत त्याला मागे सरकायला सांगा. दिसला की त्या जागी चुन्याची रेघ ओढा. ती रेघ कुठे येते ते वडिलांनाही दाखवा.

मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, म्हणून अंधारात तुमचा पुढचा दिवाही तेवढाच दमदार हवा. फ्लोरोसंट झेंडा दिवसा कामाचा, रात्री त्याचा उपयोग नाही. "झेंडा लावला म्हणजे झालं" असं सांगून सायकल विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पहिला महिना गावाबाहेर जाताना कुणाला तरी मोटारसायकलवर मागे ठेवा आणि तो काय बघतो ते विचारा.

प्रश्न : तासाभरानं पायाची बोटं बधिर होतात.

पायडल सीटपेक्षा उंच असल्यानं हे बऱ्याच जणांना होतं. बूट सैल बांधा, पायाच्या चवड्याऐवजी तळव्याचा मधला भाग पायडलवर येईल असं बसा, दर अर्ध्या तासानं उतरून चाला. पायडल सगळ्यात लांब गेल्यावर गुडघा किंचित, पंचवीस-तीस अंश, वाकलेला राहिला पाहिजे. नसेल तर पुढचा दांडा आत घ्या. उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल, एकाच पायात असेल किंवा तुम्हाला शुगर असेल तर ही सायकलची गोष्ट नाही. डॉक्टरांना दाखवा. "बघू दिवाळीनंतर" म्हणणाऱ्या शुगरच्या रुग्णांच्या पायाच्या जखमा मी बघतो, म्हणून सांगतोय.

प्रश्न : तीनचाकी रिकंबंटवर चपला चालतील का?

नाही. पाय पायडलवरून घसरून जमिनीला लागला तर चालती सायकल त्याच पायावर चढते आणि घोटा मोडतो. टाचेला धरणारा पट्टा लावा आणि बूट घाला.

प्रश्न : परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढेल का?

चढेल, पण उभं राहून जोर लावायची सोय नाही. पुढे तीस किंवा त्याहून कमी दातांची चकती आणि मागे चौतीस-छत्तीस दात असल्याशिवाय जाऊ नका. जड गिअरमध्ये रेटलं तर गुडघे दुखतील. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबून-सोडून वापरा. आदल्या दिवशी मेकॅनिककडून ब्रेक तपासून घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी भेटायला यावं.

प्रश्न : गावातली कुत्री अंगावर येतात. तोंड आपल्या तोंडाशी येतं. काय करावं?

सायकल पळवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, बहुतेक कुत्री तिथेच थांबतात. चावलं, नुसता दात लागला किंवा ओरखडा उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. मिरचीपूड, चुना, हळद, कुणाचा मंत्र, काही लावू नका. जखमेत मिरची भरून आलेली माणसं मी आजही बघतो आणि त्यांचा तो वाया गेलेला वेळ मला सलतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागतं, ते तिथे नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायला सांगा. लसीच्या पुढच्या तारखा कार्डावर लिहून घ्या आणि कुत्रं दहा दिवस जिवंत आहे का, याच्यावर लक्ष ठेवायला कुणाला तरी सांगा. लस मात्र त्यासाठी थांबवू नका.