वाचक विचारतात : कवेलूंसाठी पदयात्रा

प्रश्न : आमच्या पॅरिशचं चर्च शंभर वर्षांच्या वरचं आहे. कवेलू फुटले, पावसाळ्यात वेदीपर्यंत पाणी येतं. तरुणांनी १० किलोमीटरची पदयात्रा काढून किलोमीटरमागे देणगी घ्यायचं ठरवलंय. शंभरेक जण चालतील. तयारी कशी करावी?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : चर्चची मालमत्ता बहुधा धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या नावे असते, त्यामुळे फादरांच्या तोंडी होकारावर निघू नका. लेखी संमती घ्या. पावतीपुस्तक ट्रस्टचं, खातंही ट्रस्टचंच. पोरांच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर पैसे आले की हिशेब भांडणात गेलाच म्हणून समजा. प्राप्तिकरातली ‘८० जी’ची सवलत पत्रकावर छापण्याआधी ट्रस्टकडे ते प्रमाणपत्र आहे का, ते विचारा, असलं तरी २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

घोळ होतो तो देणगीदारांच्या तक्त्यात. देणगीदार ‘५०’ लिहितो, त्याच्या मनात एकूण पन्नास. पोरगं धरतं किलोमीटरला पन्नास, म्हणजे पाचशे. म्हणून ‘दर किलोमीटर’ आणि ‘ठोक रक्कम’ असे दोन रकाने ठेवा, एकूण आकडा त्याच्यासमोरच लिहून सही घ्या. वसुली दहा दिवसांत उरका. नंतर लोक विसरतात. शेतकऱ्याकडे मात्र कापसाचा चुकारा हाती आल्यावरच जावं.

तारीख जानेवारीतली धरा, सकाळी साडेसहाला निघा. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन चालू देत नाही. दहा किलोमीटरला अडीच तास, माणशी दीड लिटर पाणी. शंभर जणांना २० लिटरचे आठ जार. दर अडीच किलोमीटरवर टेबल, एका ठिकाणी लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. नवे बूट घालून कोणी येऊ नये, फोड तिसऱ्या किलोमीटरलाच येतात. रस्त्यासाठी पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, आणि सगळ्यांत मागे एक गाडी ठेवा.

प्रश्न : गावची काही मुलं दुबईत आहेत. त्यांचे पैसे घेता येतील?

उत्तर : भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे बँकेतून आले तर हो. परदेशी नागरिकाची देणगी, तो आपल्याच गावचा असला तरी, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका.

प्रश्न : किती रकमेचं लक्ष्य ठेवावं?

उत्तर : अंदाजपत्रक आधी, लक्ष्य नंतर. मंगलोरी कवेलू १०० चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात, फुटीसाठी दहा टक्के जास्तीचे धरा. लोकांना ‘एक कवेलू इतक्याचा’ म्हणून सांगितलं की हात लवकर सैल होतो. पण खरा खर्च कवेलूंखाली दडलेला असतो : छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैचीची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे उधई लागते. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर सुतार आधी बोलवा. जुन्या बांधकामाचे कागद हवे असतील तर नागपूर धर्मप्रांतालाही विचारा; अमरावती धर्मप्रांत त्यातूनच १९५५ साली वेगळा झाला. आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कोणी सुचवला तर नाही म्हणा. ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो.