व्हॉमिटोरियममध्ये ओकतं कोण?

प्रश्न असा: 'रोमनांवरच्या एका लेखात व्हॉमिटोरियम म्हणजे मेजवानीत पोट रिकामं करायची खोली, असं वाचलं. मग हा शब्द रोमन थिएटरांच्या नकाशांत कसा? मराठीत काय म्हणावं?'

नकाशे बरोबर, लेख चूक. व्हॉमिटोरियम म्हणजे प्रेक्षकांना थेट आसनांच्या रांगांत नेऊन सोडणारा, वर कमान असलेला बोळ. पाचव्या शतकातला रोमन लेखक मॅक्रोबियस रोमन कवी व्हर्जिलच्या एका ओळीवर लिहितो. सकाळी मुजऱ्याला आलेल्यांची लाट घरं ओकतात, अशी ती ओळ. तो म्हणतो, लोक जथ्याजथ्यानं शिरून जिथून आसनांवर ओतले जातात, त्या वाटांना यावरूनच व्हॉमिटोरिया म्हणतात. ओकते ती इमारत! 'बाहेर पडायचा मार्ग' हा अर्थही पुष्कळदा दिसतो. तो अपुरा आहे, कारण मॅक्रोबियस आत येणाऱ्यांबद्दल बोलतोय.

धातू आपल्या ओळखीचा आहे. लॅटिन व्होमेरे आणि संस्कृत वम् एकाच कुळातले. मराठीत सूर्य आग ओकतो, तेव्हा आपणही पोटाचा विचार करत नाही. रोमन मेजवान्यांत उलट्या होत नसत असं नाही. 'खाण्यासाठी ओकतात, ओकण्यासाठी खातात' असा टोमणा रोमन तत्त्वज्ञ सेनेकानंच मारलाय. पण हे नाव तसल्या खोलीचं नव्हे.

या बोळांची खरी गंमत स्पेनमधल्या मेरिदाला दिसते. सम्राट ऑगस्टसच्या काळात, इ.स.पू. २५ मध्ये, निवृत्त सैनिकांसाठी वसवलेल्या या शहरात त्याचा सेनापती अग्रिप्पा यानं इ.स.पू. १६-१५ च्या सुमारास थिएटर बांधवलं. सुमारे सहा हजार प्रेक्षक मावत. खालच्या रांगा टेकडीच्या उतारावर, वरच्या मात्र बांधीव कमानींवर. पुढे थिएटर मातीखाली गेलं, वरच्या बोळांची छतं ढासळली आणि मधले आसनांचे सात तुकडे तेवढे जमिनीवर उरले. लोक त्यांना 'सात खुर्च्या' म्हणू लागले. सात मूर (उत्तर आफ्रिकेतून आलेले मुस्लीम) राजे तिथं बसून शहराचं भवितव्य ठरवत, अशी दंतकथाही जोडली गेली. १९१० मध्ये उत्खनन सुरू झालं आणि खुर्च्यांखालचं थिएटर हळूहळू वर आलं.

मराठीत 'वमनद्वार' मात्र नको, वाचक पुन्हा उलटीवरच जाईल. मी 'प्रेक्षकांचा बोळ' लिहीन, पहिल्या उल्लेखात कंसात व्हॉमिटोरियम. अनेकवचन व्हॉमिटोरिया.